वापरणारा माणूस घेऊन या

त्या माणसाची आठवण आली की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. लोक आपल्या गुरूंबद्दल बोलताना डोळे मिटतात, हात जोडतात. माझ्या मुठी वळतात. त्यांच्याकडे जाऊन आलेली बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यातल्या एकानेही त्यांच्याबद्दल आजवर गोड शब्द काढलेला नाही. गोड शब्दांची सुरुवात मुळात त्यांच्याकडून व्हायला हवी होती. ती त्यांनी केली नाही, मग आम्ही का करावी?

नारायण पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुण्यात असूनही दारावर पाटी नव्हती. पाटीचं काम ते स्वतःच करायचे. बेल वाजवली की दार वीतभर उघडायचं आणि फटीतून प्रश्न यायचा, "काम आणलंय, की सल्ला हवाय?" सल्ला हवाय म्हणणाऱ्याला, "तो कोपऱ्यावर चहावाल्याकडे मिळतो," असं सांगून दार बंद.

वय पन्नाशीच्या आतबाहेर, डोक्यावर केस नाहीत, अंगात इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायात सपाता. कॉम्प्युटरसमोर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. कायम उभे. "बसलं की माणूस स्वतःच्या कामाच्या प्रेमात पडतो," म्हणायचे. खिशात भाजलेले शेंगदाणे असत. तुमचं काम बघता बघता एकेक दाणा सोलून तोंडात टाकत आणि सालं मात्र मुठीत जमवत. बघून झालं की ती सालं कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि दोन्ही हात झटकायचे. हात झटकले की समजायचं, निकाल लागला.

एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत ते वरच्या हुद्द्यावर होते आणि तिथून एक दिवस उठून आले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आम्हा पोरापोरींची कामं ते तपासून द्यायचे. फी घेत नसत. "फी घेतली की आपण गिऱ्हाईक होता. मग मला आपल्याशी गोड बोलावं लागेल." समोरचा कितीही लहान असो, ते 'आपण' नाहीतर 'तुम्ही' म्हणत. त्या 'आपण'ला अशी धार असायची की त्यापेक्षा शिवी परवडली.

मी त्यांच्याकडे गेले ते मंदीच्या वर्षी. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि त्याचा चटका यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाच्या मुलीला बसला, यालाच बहुतेक जागतिकीकरण म्हणतात. कॉलेजात आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं की इंजिनिअर व्हा, पुण्यात कंपन्या तुमची वाट बघतायत. मी पोचले तेव्हा ज्यांच्या हातात नेमणुकीची पत्रं होती तीच मुलं कर्वेनगरच्या खोल्यांमध्ये लोळत पडली होती. रुजू कधी व्हायचं ते कंपन्या सांगत नव्हत्या. बाबांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत यायचं. वर्ध्याचं एक स्थळ थांबून होतं आणि ते लोक मला लग्नानंतर बी.एड. करू देणार होते. करू देणार होते! मी कॉम्प्युटरची इंजिनिअर आणि ते मला बी.एड. करू देणार! बाबा दुष्ट नव्हते, म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. दुष्ट बापाशी निदान भांडता येतं.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, पोर्टफोलिओ. नुसत्या डिग्रीला कुत्रं विचारत नाही, तुम्ही काय काय बनवलंय ते इंटरनेटवर एका पानावर मांडा आणि दाखवा. झालं, लगेच गल्लोगल्ली क्लास निघाले. तिथे तयार प्रोजेक्ट मिळायची; वर फक्त तुमचं नाव टाकून द्यायचे. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तशी घेतली होती. मी नाही घेतली. माझं एकूण एक प्रोजेक्ट मी स्वतः लिहिलं होतं, आणि एक ना दोन, बारा! पानाच्या डोक्यावर मी फिरणारी पृथ्वी लावली होती. खाली माझा फोटो. त्याखाली मला काय किती येतं ते सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या. जावा नव्वद टक्के, सी प्लस प्लस पंच्याऐंशी, असं बरंच. हे सगळं घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा हा माणूस आता थक्क होणार याबद्दल मला शंका नव्हती.

"ही पृथ्वी कशाला फिरते?" त्यांनी विचारलं.

"आकर्षक दिसावं म्हणून, सर."

"ती आधीपासूनच फिरते. आपण उगीच त्रास घेतलात." एक दाणा तोंडात टाकून ते पट्ट्यांकडे वळले. "जावा नव्वद टक्के. बरं. उरलेले दहा टक्के कोणते?"

मी त्या पट्ट्या पुन्हा वाचायला लागले.

"काय येत नाही ते नेमकं सांगता आलं तर नव्वद मान्य करतो. ते ठाऊक नसेल तर ही पट्टी मोजली कशाने?"

मग त्यांनी पहिलं प्रोजेक्ट उघडलं. ते वाचनालयाचं होतं; पुस्तक कुणी नेलं, कधी परत केलं, उशीर किती झाला, सगळं त्यात होतं.

"पुण्यात जेवढी वाचनालयं नाहीत तेवढी वाचनालयांची सॉफ्टवेअरं आहेत. हे आपण कुठल्या वाचनालयासाठी लिहिलंत?"

"कुठल्याच नाही. प्रोजेक्ट म्हणून लिहिलं."

"म्हणजे वाचनालय नाही, ग्रंथपाल नाही, पुस्तकं नाहीत, वाचक नाहीत. मग आहे काय?"

"कोड आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

त्यांनी सालं टाकली आणि हात झटकले. बाकीची अकरा त्यांनी उघडून पाहिलीसुद्धा नाहीत. "बाराच्या बारा खाली उतरवा. एक काय ते करा, पण कुणीतरी खरोखर वापरेल असं. आणि येताना तो वापरणारा माणूस घेऊन या. तो नसेल तर आपणही येऊ नका."

जिना उतरताना मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन वर्षं खपून केलेलं काम हा माणूस शेंगदाण्याच्या सालांबरोबर फेकून देतो! वाटलं, वर जावं आणि ती मूठभर सालं त्यांच्याच टकलावर टाकावीत.

पण मी पुन्हा गेले. सगळेच पुन्हा जायचे. का जायचे हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि रागाच्या भरात विचारही सुचत नव्हता. एकदा मी गेले तेव्हा तीन मुलं आपापलं दवाखान्याचं सॉफ्टवेअर घेऊन आली होती. तिघं वेगवेगळ्या कॉलेजची, एकमेकांना ओळखत नव्हती. सरांनी तिघांचे लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि रुग्णांची यादी उघडायला सांगितली. तिन्हीकडे पहिलं नाव सुमन पाटील, वय बेचाळीस, तक्रार पोटदुखी. सर त्या पडद्यांसमोर येरझाऱ्या घालायला लागले. "या बाई एकाच दिवशी तुमच्या तिन्ही दवाखान्यांत भरती झाल्या? बिचाऱ्या! इतकी पोटदुखी!" मग एकेकाकडे वळून अगदी आपुलकीने विचारलं, "बऱ्या झाल्या का हो त्या? डिस्चार्ज दिलात का?" ती प्रोजेक्टं एकाच क्लासमधून आली होती आणि बाईंचं नाव बदलायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. मला हसू फुटलं, तसे ते माझ्यावर खेकसले, "आपण हसू नका. यांच्याकडे निदान एक रुग्ण तरी आहे. आपल्या वाचनालयात कुणीच नव्हतं."

चौघाजणांनी मिळून केलेलं काम आपलं म्हणून दाखवणाऱ्याला ते विचारत, "यातली आपली ओळ दाखवा. ज्या ओळीसाठी आपण भांडलात ती." बहुतेकांना ती सापडायची नाही. एक मुलगा म्हणाला, सर, आम्ही भांडलोच नाही. "मग काम कुणीतरी दुसऱ्याने केलंय," सर म्हणाले.

वापरणाऱ्या माणसाचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कुणीतरी फार मागे लागलं म्हणून, चिडून. कंपनीत असताना त्यांनी एका कारखान्यासाठी हजेरीचं यंत्र केलं होतं. बोट ठेवलं की हजेरी लागायची. पण वर्षानुवर्षं लोखंड घासून कामगारांच्या बोटांवरचे ठसे झिजलेले. यंत्र त्यांना ओळखेना. माणूस दारात उभा आणि यंत्र म्हणतंय तो आलाच नाही. "आणि आमच्या कंपनीने त्या यंत्राचा फोटो आपल्या पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर छापला. मी म्हणालो, तो काढा. ते म्हणाले, आपल्या सगळ्या कामात दिसायला तेच सर्वांत देखणं आहे." एवढं बोलून त्यांनी दाणे खिशात टाकले आणि आम्हा सगळ्यांना घालवून दिलं.

माझा वापरणारा माणूस म्हणजे आमच्या काकू. त्या कर्वेनगरातल्याच मूळच्या. पूर्वी तिथे त्यांच्या घरची शेती होती, आता त्या जागेवर सोसायट्या होत्या आणि त्या सोसायट्यांतल्या आमच्यासारख्या मुलामुलींना काकू जेवणाचे डबे पुरवायच्या. ज्या दिवशी डबा नको असेल त्या दिवशी सकाळी फोन करून सांगायचं, याला खाडा म्हणायचे. काकूंचा घोळ तिथेच व्हायचा. सकाळी एकामागून एक फोन यायचे, काकू प्रत्येकाला "धरला बाळा खाडा" म्हणायच्या आणि विसरून जायच्या. मग भाजी उरायची, नाहीतर भलत्याचाच डबा चुकायचा आणि तो पोरगा उपाशी बसायचा. मी ठरवलं, खाड्याचं सॉफ्टवेअर करायचं. सुरेख केलं. यादीतून नाव निवडा, तारीख निवडा, बटण दाबा, खाडा धरला. काकूंच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर होता, त्यावर चालवून दाखवलं. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

एका रविवारी मी काकूंना रिक्षात घालून नारायण पेठेत नेलं. काकू ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. सर त्यांच्याशी फारच अदबीने वागले. मला मात्र त्यांनी एक लवंग दिली. "ही दाताखाली धरा. चावायची नाही आणि काकूंचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आपलं काम आपल्याशिवाय बोलतं का ते बघू."

काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या. सरांनी विचारलं, "हे फोन साधारण किती वाजता येतात, काकू?"

"सकाळी सात-साडेसातला की."

"तेव्हा आपण काय करत असता?"

"कणीक मळत असते. दुसरं काय करणार?"

सर आत गेले आणि परात घेऊन आले. परातीत कणीक, शेजारी तांब्याभर पाणी. "मग मळा."

काकूंना वाटलं पोळ्या करून हव्यात. त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि मळायला घेतलं. कणीक हाताला चिकटायला लागली तोच त्यांचा मोबाइल वाजला. काकूंनी करंगळीच्या पाठीने बटण दाबलं. आतल्या खोलीच्या दारात उभे राहून सर स्वतःच्या फोनवर गंभीरपणे बोलत होते, "काकू, आज माझा खाडा धरा हं."

"धरला बाळा," काकू सवयीने म्हणाल्या.

"कुठे धरलात? त्यात नोंदवा ना."

काकूंनी माऊसकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "माजं हात भरल्यात की वो. ह्याला कसा लावू?" तरी त्यांनी लावला. माऊसला कणीक, कीबोर्डला कणीक. मी लवंग दाताखाली दाबून मनातल्या मनात ओरडत होते, अहो, हात धुऊन या ना! काकू उठून हात धुऊन आल्या, तर फोन पुन्हा वाजला. दुसरा खाडा. तोवर पहिल्याचं नाव त्या विसरल्या होत्या. त्या ओशाळून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पोरीनं लई झ्याक केलंय वो. मलाच जमंना. माजीच चूक हाय."

सरांचा चेहरा लाल झाला. "चूक आपली नाही, काकू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत? रोज शंभर पानं वाढणाऱ्या बाईला आपल्या कामाने असं वाटायला लावलं की तिलाच काही जमत नाही."

मी लवंग थुंकली. "तुम्ही मला हे आधी सांगू शकला असतात!"

"आपण आधी बघू शकला असतात. सकाळी सातला. चार घरं सोडून तर राहता."

मी दार आपटून निघाले. काकू बिचाऱ्या ओले हात पदराला पुसत माझ्यामागे धावल्या. रिक्षात मी रडले, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. दिवाळी दोन महिन्यांवर आली होती आणि माझ्या हातात होतं काय, तर कणीक लागलेला माऊस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. आठवडाभर बसले, बघत राहिले आणि मग पहिलं सगळं टाकून नव्याने लिहिलं. आता काकूंनी कशालाच हात लावायचा नव्हता. मुलांनी मोबाइलवरून मेसेज करायचा, तो आपोआप नोंदला जायचा आणि ओट्यासमोरच्या पडद्यावर आज किती डबे लागणार तो आकडा एवढाल्या अक्षरांत दिसायचा. काकूंनी मान वर करून बघायचं, बस्स. भाजी उरेनाशी झाली.

मी सरांना सांगायला गेले. शाबासकी? छे! म्हणाले, "पानावर हे एकटं दाखवू नका. पहिलं कसं फसलं ते आधी लिहा. माऊसचा फोटो टाका."

"फसलेलं काम कोण दाखवतं, सर?"

"ज्याने काम केलंय तो."

मी लिहिलं. त्यांच्या हट्टापायी लिहिलं. मग एकदाचं हिंजवडीच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. समोर दोघं होते. त्यातल्या टायवाल्याने माझं पान वरखाली केलं आणि म्हणाला, "सिंगल प्रोजेक्ट? बाकी कँडिडेट्सचे दहा-दहा आहेत. आणि हे काय, टिफिन?" मग त्याने कणकेचा माऊस पाहिला. "फेल्युअर का लिहिलंय? इट लुक्स निगेटिव्ह, यू नो." मी समजावून सांगायला लागले, तर तो घड्याळ बघायला लागला. आम्ही कळवू, म्हणाला. कळवलं नाहीच. कळवलं ते माझ्या मैत्रिणीला. त्याच कंपनीत, त्याच आठवड्यात ती निवडली गेली. तिच्या पानावर दवाखान्याचं सॉफ्टवेअर होतं आणि त्या दवाखान्यात सुमन पाटील, वय बेचाळीस, पोटदुखीने भरती होत्या.

त्या संध्याकाळी मी नारायण पेठेचा जिना दोन दोन पायऱ्या गाळत चढले. वीतभर उघडलेलं दार मी ढकलूनच आत घुसले. "तुमच्यामुळे! तुमच्यामुळे झालं हे! बारा होती ती एक केलीत. सुमनबाईंना नोकरी लागली आणि मी चालले वर्ध्याला!" अजूनही बरंच बोलले. ते उभ्यानेच दाणे सोलत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आज काकूंकडे कुणाचा डबा चुकला का?"

"नाही!"

"मग आरडाओरडा कशाबद्दल चाललाय?"

त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटलेला नाही. तुम्हाला काय जातंय, असं म्हणावंसं वाटलं. यांना ना लग्न करायचंय, ना गावी जायचंय. आपल्या तत्त्वांची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणारी माणसं पुण्यात थोडी नाहीत, हे त्यांच्यातलेच एक, असं मी ठरवून टाकलं.

दिवाळीला आठवडा राहिला तेव्हा बाबा मला न्यायला आले. खासगी बसची दोन तिकिटं काढूनच आले. माझी बॅग भरून झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मले एकदा तो माणूस तर पाहू दे, ज्याच्या नादी लागून तू बाराचं एक केलं."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात घाबरून उभी राहिले. बाबांनी नमस्कार केला. "सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. एवढंच सांगा, माझ्या पोरीला हे काम येते का?"

मी सरांकडे बघत होते. 'हो' म्हणा. आयुष्यभर कुणाला म्हणाला नसाल, आज एकदा खोटं म्हणा. बाबा दुसऱ्या मास्तरचा शब्द खाली पडू देणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं.

"बसा," सर म्हणाले. "आपल्याला वेळ आहे का?"

"बस संध्याकाळची आहे."

"पुरेल." आणि त्यांनी सुरुवात केली. ही आधी लिहिते आणि मग विचारते. काही बिघडलं की पहिला संशय वापरणाऱ्यावर घेते. हिचा प्रोग्रॅम नंबरावर चालतो, माणसावर नाही. भावाच्या मोबाइलवरून बहिणीने खाडा सांगितला तर भाऊ उपाशी राहतो. 'उद्या नको, परवापण नको' असा मेसेज गेला तर एकच दिवस धरतो आणि परवाचा डबा येऊन पडतो. कुणी नुसतं 'गावी चाललो' लिहिलं तर याला कळत नाही. काकूंना कळलं असतं. कुणी 'नको' लिहून पाच मिनिटांनी 'असू दे, हवा' लिहिलं तर आधी हा गोंधळायचा, आता गोंधळत नाही, पण ते दुरुस्त करताना हिने दुसरंच काही मोडून ठेवलंय. एकेक चूक ते बाबांना गव्हातले खडे वेचून दाखवावेत तशी दाखवत होते. बाबा मान हलवत ऐकत होते. माझ्या कानशिलांतून वाफा येत होत्या.

"हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी ओरडले. "काकूंनी?"

"काकू आपल्याविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत. डबा मीच खातो."

एक नंबर होता ज्याने महिनाभर माझा जीव खाल्ला होता. रोज नवा तऱ्हेवाईक मेसेज. मी एक दुरुस्ती करावी, त्याने दुसरीकडून खोडी काढावी. या माणसाचा डबा बंद करा, असं मी काकूंना दोनदा सांगितलं होतं आणि काकू तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तो नंबर या गृहस्थांचा होता. रोज दुपारी स्कूटरवरून नारायण पेठेतून कर्वेनगरला येऊन ते तो डबा काकूंच्या ओसरीवर बसून खात होते. बसून! काकूंना गप्प राहायला त्यांनीच बजावलं होतं.

बाबांनी विचारलं, "म्हणजे, तिला येत नाही?"

"आपण काम विचारलंत, मी काम सांगितलं," सर म्हणाले, आणि हात न झटकताच दाराशी जाऊन उभे राहिले.

आम्ही बाहेर पडलो. बाबांनी रिक्षाला हात केला. चांगला एक शब्द! परक्या माणसापुढे नाही, माझ्या बापापुढे, आणि तोही एक! पुढे उन्हाळ्यात मला नोकरी लागली. ती देणाऱ्यांनी माझं पान नीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना घाईने माणसं भरायची होती. पण ते उन्हाळ्यातलं झालं. त्या संध्याकाळी रिक्षात बाबांशेजारी बॅग मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला फक्त वर्धा दिसत होतं.

बस लागलेली होती. मी बॅग डिकीत टाकायला गेले तर बाबांनी माझा हात धरला.

"तीस वर्षं झाले मी वह्या तपासून राहिलो," ते म्हणाले. "घाई असली का नुसतं 'छान' लिहितो न् सही करतो. आत काय लिहिलं ते पाहतही नाही. त्या माणसानं ओळ न् ओळ पाहिली." बसवाल्याने हॉर्न दिला. बाबा पायरीवर चढले आणि मागे न बघता म्हणाले, "तुह्या वहीवर बी मी 'छान'च लिहीत होतो. तू राह्य इथंच."

मी खिडकीपाशी धावले. बाबा आपल्या जागेवर बसले होते. शेजारची जागा माझी होती. त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली, त्या जागेवर ठेवली आणि ती पडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून समोर बघत राहिले.